टाकळकर सरांचा फुगीर त्रिकोण

चि. ईशान आणि चि. अन्वी,

परवा व्हिडिओ कॉलवर ईशानने विचारलं, "आजी, तुमच्या मानवतमध्ये कुणाकडे स्पोर्ट्‌स कार आहे का?" मी म्हटलं, "होती. आपल्या शेजारीच होती. पिवळी. टर्बो लावलेली." यावर तुम्ही दोघं इतके हसलात की फोन कुणाच्या तरी हातून पडला आणि मला बराच वेळ तुमच्या स्वयंपाकघराचं छत दिसत राहिलं. त्या छताकडे बघत असतानाच मी ठरवलं की हे नीट लिहूनच पाठवायचं. अन्वीला लांब मजकुराचा कंटाळा येतो, तेव्हा तिला ईशानने वाचून दाखवावं.

ती गाडी टाकळकर सरांची. सर आपल्या भिंतीला भिंत लागून राहायचे. आम्ही दोघांनी एकाच शाळेत शिकवलं. मी इंग्रजी, ते भूमिती. उंच, सडसडीत, अंगात पांढरा शर्ट आणि खिशात खडू. निवृत्तीनंतरही खडू गेला नाही. बोलताना हात आपोआप खिशाकडे जायचा आणि समोर जे असेल त्याच्यावर आकृती उमटायची. आपल्या फाटकावर अजून एक वर्तुळ आहे. रंग देणाऱ्याला मी ते तेवढं सोडून द्यायला सांगितलं.

त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू व्हायचं आणि 'म्हणून सिद्ध झालं' यावर संपायचं. बाजारात ते भाजीवालीला म्हणायचे, "समजा, ही मेथी ताजी आहे." ती म्हणायची, "समजायचं कशाला सर, ताजीच हाय." पण सरांना ते पुरायचं नाही. ते एक काडी मोडून बघणार, देठाचा कोन तपासणार, आणि सिद्ध झाल्यावरच पिशवी पुढे करणार. तोवर मागच्या गिऱ्हाईकाने मेथी संपवलेली असायची.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टाकळकर सरांनी आयुष्यात कधी स्वतःची चूक कबूल केली नव्हती. एकदा त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढायला दिला, बाजू तीन, चार आणि नऊ. आता अशा मापाचा त्रिकोण जुळतच नाही. दोन लहान बाजू मिळूनही मोठीला पुरत नाहीत. मुलांच्या रेषा भेटेनात. सर म्हणाले, वह्या लहान आहेत. सगळा वर्ग मैदानावर नेला, फक्की आणि दोरी मागवली. मैदानावरही रेषा भेटेनात. माझा तास खिडकीजवळच्या वर्गात चालू होता, त्यामुळे माझी मुलंही तेच बघत होती आणि शेवटी मीही बघू लागले. घंटा झाली तेव्हा सरांनी हात झटकले आणि निकाल दिला की मैदानाला उतार आहे. पुढच्याच महिन्यात मुख्याध्यापकांनी खरोखर मैदान सपाट करून घेतलं. एवढा त्या माणसाच्या बोलण्यात जोर होता.

त्यांच्या घरात मात्र असा एक निकाल होता, जो त्यांना फिरवता आला नव्हता. तो शकूवहिनींनी दिलेला. शकूवहिनी म्हणजे सरांच्या पत्नी, वालूरच्या. लग्न वालूरला झालं आणि नवरीला मानवतला आणायला सरांनी कुणाची तरी जीप मागून आणली होती. आदल्या दिवशी त्यांनी तिचं इंजिन उघडून 'दुरुस्त' केलं. ती आधी चांगली चालत होती असं जीपवाला शेवटपर्यंत सांगायचा. वरात वालूरची वेस ओलांडून ओढ्यापर्यंत आली आणि जीप पाण्यातच बसली. नवरा-नवरी कापसाच्या बैलगाडीतून मानवतला पोचले. मुंडावळ्यांना कापूस चिकटलेला. सरांचं म्हणणं होतं की जीप बरोबर होती, ओढा चुकीच्या जागी होता.

दारात माप ओलांडायच्या आधी बायकांनी नवरीला अडवलं, उखाणा घ्यायला लावला. शकूवहिनींनी उखाणा घेतलाच नाही. शांतपणे म्हणाल्या, "ह्यांनी हात लावलेल्या गाडीत मी पुन्हा बसणार न्हाई." आणि माप ओलांडून आत गेल्या.

तेव्हापासून तो नियम. सरांनी स्कूटरचा प्लग साफ केला, वहिनी पायी मंडईला. सरांनी सायकलचं कॅरिअर घट्ट केलं, वहिनींनी गव्हाची पिशवीसुद्धा त्यावर ठेवली नाही. दर दिवाळीला भाऊबीजेला त्या वालूरला जायच्या त्या एसटीने. सर मागच्या एसटीने. "एस्टीला ह्यांचा हात लागलेला न्हाई," त्या मला म्हणायच्या, "म्हणून ती चालायलीय." यात राग नव्हता. मंगळवारी मीठ आणू नये म्हणतात तसं ते होतं. पण सरांना ते सलायचं. जगातलं सगळं सिद्ध करून झालं होतं आणि बायकोच्या एका वाक्याचं खंडन तेवढं राहून गेलं होतं. एकदा तिला स्वतःच्या हाताने बांधलेल्या गाडीतून माहेरी न्यायचं, ओढा पार करून, माहेरच्या वाड्यासमोर गाडी थांबवायची. एवढंच त्यांना हवं होतं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी एक पिवळी, दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली गाडी कापसाच्या ट्रकवर बसून आपल्या गल्लीत आली. सरांचा एक जुना विद्यार्थी पुण्यात जुन्या गाड्यांचा व्यवहार करायचा. भूमितीत दोनदा नापास झालेला, तिसऱ्यांदा सरांनी घरी बसवून पास केलेला. त्याने गुरुदक्षिणा म्हणून पाठवली होती. जपानी गाडी. पुढचं झाकण उघडलं तर आत काहीच नव्हतं. इंजिन वेगळ्या खोक्यात, सुटंसुटं, गव्हाच्या पेंढ्यात गुंडाळलेलं.

सरांनी खोकं उघडलं आणि त्यातून दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल असा एक लोखंडी तुकडा काढला. तीन कोपऱ्यांचा, पण बाजू बाहेर फुगलेल्या. त्यांनी त्याच्या फुगीर कडेवरून बोट फिरवलं. मला म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं मी शिकवलं की त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन. हा बघा. हा ऐकत नाही. ह्याची बेरीज जास्त भरते." चेहरा असा की जणू कुणाचा तरी हरवलेला मुलगा घरी आला आहे.

तुम्हाला इंजिन समजावं म्हणून थोडं सांगते. आपल्या साध्या गाडीत पिस्टन वर-खाली जातात. या इंजिनात पिस्टन नसतातच. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल डब्यात हा फुगीर त्रिकोण गरगर फिरतो, आणि त्यावरच गाडी चालते. हे मला सरांनी आपल्याच दिवाणखान्यात शिकवलं. तुमच्या बाबांचं प्रमोशन झालं होतं म्हणून मी शेजाऱ्यांना चहाला बोलावलं होतं. सरांनी लंबगोल ताटलीतला एक समोसा उचलला, बाकीचे बाजूला काढले आणि तो समोसा ताटलीच्या कडेला कोपरे टेकवत फिरवायला सुरुवात केली. ही बाजू हवा आत घेते, ही दाबते, इथे ठिणगी, इथून धूर बाहेर. तीन बाजू, एका वेळी तीन कामं. समोशाचे कोपरे झिजून आतला बटाटा ताटलीला लागला, तेव्हा सर खूश होऊन म्हणाले की हाच तर ह्या इंजिनाचा खरा प्रश्न आहे, कोपऱ्याच्या पट्ट्या झिजतात. त्या पट्ट्या टिकल्या तर इंजिन टिकलं. नंतर तो समोसा कुणी खाईना. वहिनींनी तो उचलून सरांच्याच बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या. तुमचं इंजिन."

सरांचा सिद्धांत साधा होता. गाडी का बंद पडते? काहीतरी बिघडतं म्हणून. ह्या इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. जे नाही ते बिघडत नाही. म्हणून ही गाडी बंद पडणार नाही. म्हणून शकुंतला हिच्यात बसेल. म्हणून सिद्ध झालं.

गल्लीला मात्र हे पटलं नाही. आपल्या गल्लीत ट्रॅक्टर, पंप, कापसाच्या जिनिंगची यंत्रं कळणारे पुष्कळ लोक. प्रत्येकजण येऊन डब्यात डोकावायचा आणि पिस्टन शोधायचा. वेल्डिंगवाले सलीमभाई बराच वेळ इंजिनाभोवती फिरले. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "सर, पिस्टन किधर हैं?" सर म्हणाले, नाहीत. सलीमभाईंनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "निकाल लिए किसीने." दुसऱ्या दिवशी सगळ्या मानवतमध्ये पसरलं की सरांना पुण्याच्या विद्यार्थ्याने फसवलं, पिस्टन काढून घेऊन रिकामा डबा पाठवला. लोक भेटायला येऊ लागले. जड आवाजात बोलू लागले. कुणी म्हणे तक्रार नोंदवा, कुणी म्हणे जाऊ द्या, शिक्षणच तसं राहिलं नाही. एका जुन्या ट्रॅक्टरमालकाने तर आपल्या गोदामातला एक पिस्टन कागदात गुंडाळून आणला. "बसतो का बघा," म्हणाला. सरांनी तो परत केला नाही. माणसाच्या भावनेला नाही म्हणू नये एवढं त्यांना कळत होतं. तो पिस्टन त्यांनी पुढे वर्षानुवर्षं कागदावर वजन म्हणून वापरला.

तरी इंजिन जुळलं. लेथवर पट्ट्या घासून झाल्या, अंगणातल्या पत्र्याच्या शेडच्या भिंतीवर खडूने आकृत्यांवर आकृत्या चढल्या. वहिनी शेडमध्ये पाऊल टाकत नसत. चहा उंबऱ्यावर ठेवायच्या. त्यांचं एकच भांडण होतं, ते तेलावरून. ह्या इंजिनाला जन्मतःच तेल प्यायची सवय असते. पट्ट्या ओल्या राहाव्या म्हणून पेट्रोलमध्येसुद्धा थोडं तेल टाकावं लागतं. वहिनी म्हणाल्या, "मी भाजीत चमचाभर जादा टाकलं की तुमी कोलेस्टेरॉल सांगता. तिला मात्र रोज फोडणी."

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मागच्या नळीतून ज्वाळ निघाली आणि माझ्या दोरीवरच्या खळ दिलेल्या पांढऱ्या साड्या बदामी झाल्या. त्या मी नंतर तशाच नेसले. रंग वाईट नव्हता.

सुरू होण्याचीही एक अडचण होती. थंड असताना ती किल्लीला ऐकायची नाही. ढकलावी लागायची. आपल्या गल्लीतून सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्त माणसांचा एक गट होता, त्यांचे पुढारी पाथ्रीकर काका. पहिल्या दिवशी त्यांनी शेजारधर्म म्हणून ढकलली. मग रोजच ढकलू लागले. गल्लीच्या तोंडापर्यंत जायची, धुराचा लोट सोडून सुरू व्हायची, आणि परत येऊन शेडमध्ये बंद पडायची. काही महिन्यांत पाथ्रीकर काकांची साखर उतरली. डॉक्टरांनी विचारलं, कोणता व्यायाम करता? काका म्हणाले, जपानी. गटात नवी माणसं येऊ लागली. पुढे सरांनी काहीतरी सुधारणा केली आणि गाडी एका सकाळी किल्लीने सुरू झाली, तेव्हा मागे हात लावून उभी असलेली ती सगळी माणसं इतकी हिरमुसली की सरांनी इंजिन बंद करून त्यांना एकदा ढकलू दिली.

तेवढ्यावर थांबले असते तर त्या दिवाळीला वहिनी बसल्या असत्या की नाही, कोण जाणे. पण मध्ये बापूराव आले. बापूराव म्हणजे वहिनींचे धाकटे भाऊ, वालूरचे शेतकरी, मोठ्या आवाजाचे, थट्टेखोर. कापूस घेऊन मानवतच्या मार्केटला येत आणि बहिणीकडे जेवून जात. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली. "दाजी, ही गाडी हाय का घंगाळ?" मग वाकून आत पाहिलं. "टर्बो कुठंय?"

इंजिनाबरोबर आलेला टर्बो मोडका होता, तो सरांनी काढून ठेवला होता. तसं त्यांनी सांगितलं.

"आमच्या ट्रॅक्टरला बी टर्बो हाय," बापूराव म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्या जेवणात सरांनी दुसरी पोळी घेतल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून टर्बोचा शोध सुरू झाला. मोडका दुरुस्त होईना, म्हणून भंगारात निघालेल्या एका मोठ्या ट्रकचा टर्बो आला. मुळातल्यापेक्षा दीडपट. तो शंखासारखा दिसतो. इंजिनातून बाहेर पडणारा धूर त्यातलं एक चक्र फिरवतो, ते दुसऱ्या चक्राला फिरवतं, आणि ते दुसरं चक्र बाहेरची हवा कोंबून पुन्हा इंजिनात भरतं. म्हणजे इंजिन आपल्याच उच्छ्वासाने आपली छाती फुगवतं. सरांनी हे उंबऱ्यावरून वहिनींना समजावलं. वहिनी म्हणाल्या, "स्वतःचीच हवा स्वतःला भरायची. ते तर तुमाला बिगरयंत्राचं जमतं."

नव्या टर्बोसाठी इंजिन पुन्हा सगळं उघडलं. कोपऱ्याच्या पट्ट्या जास्त मजबूत केल्या. कोंबलेली हवा तापते, ती गार करायला कापणीयंत्राच्या जुन्या रेडिएटरमधून फिरवली. तो बसेना म्हणून गाडीचं नाक कापलं. या सगळ्यात दोन पावसाळे गेले. मग एका दसऱ्याच्या आधी सरांनी जाहीर केलं की यंदा सीमोल्लंघन गाडीतून. दसऱ्याला गावाची सीमा ओलांडून आपट्याची पानं आणतात, ते सोनं. ते सोनं टर्बोने आणायचं.

आदल्या संध्याकाळी वहिनी भिंतीपलीकडून मला म्हणाल्या, "बाई, कुणाला सांगू नका. उद्या ही सीमा वलांडून नीट परत आली, तर दिवाळीला मी हिच्यातच वालूरला जाणार हाय." का, म्हणून मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "लय वर्षं झाली हो त्या बोलण्याला. त्यांनी ते धरून ठेवलं, म्हणून मला बी धरून ठिवावं लागलं."

दसऱ्याच्या सकाळी घरोघरी अवजारांची पूजा असते. विळी, पोळपाट, हातोडी, सायकल, सगळ्यांना गंध-फूल. सरांनी गाडी अंगणात काढली, पुढचं झाकण उघडं ठेवलं. टर्बोच्या तोंडावरची हवेची जाळी धुऊन वाळत घातली आणि ते आंघोळीला गेले. आंघोळीहून आले, जाळी बसवली, झाकण लावलं. पाथ्रीकर काकांचा गट नवे कपडे घालून उभा होता; ढकलायची गरज नव्हती, तरी सवयीने मागे उभा होता. सरांनी किल्ली फिरवली तोच गाडी सुरू झाली. मी सांगते तुम्हाला, गोड आवाज होता. शिवणयंत्र आणि वाघ एकत्र गायल्यासारखा. मग सरांनी पाय दाबला.

आधी जात्यात खडा आल्यासारखं झालं. मग आतून कुणीतरी लोखंडी पेटीवर घण घातला. आणि मग मागच्या नळीतून काळा धूर आणि त्याबरोबर पांढरं पांढरं काहीतरी उडालं. गल्लीतली पोरं अजून शपथेवर सांगतात की ते मुरमुरे होते. पाथ्रीकर काका म्हणतात की त्यांनी एक उचलून चावून पाहिला, नीट भाजलेला नव्हता. मग सगळं शांत झालं. सीमोल्लंघन आपल्या फाटकापर्यंत झालं होतं.

लोक पांगले. वहिनी आत गेल्या. दुपारी मी सोनं द्यायला गेले तेव्हा सर अंगणात एकटेच होते. टर्बो काढून मांडीवर घेतला होता. त्याच्या चक्राची पाती कणसाची पानं गुरांनी खाल्ल्यासारखी झाली होती. त्यांनी मला तळहात उघडून दाखवला. त्यात तांदळाचा चुरा होता आणि अर्धी सुपारी. सुपारीच्या खाचेत कुंकू होतं.

"बाई," ते म्हणाले, "समजा..." आणि तिथेच थांबले.

समजायला फार भूमिती लागत नव्हती. घरातली लेकबाळ प्रवासाला निघाली की आपण तिची ओटी भरतो. पदरात तांदूळ, सुपारी, खण, नारळ. वहिनींनी त्या गाडीला कधी हात लावला नव्हता. त्या सकाळी सर आंघोळीला गेले असताना त्यांनी तिची ओटी भरली. पदर कुठे असेल म्हणून शोधलं असेल, आणि शंखासारखं ते उघडं तोंड बघून त्यातच मूठभर तांदूळ आणि सुपारी वाहिली असेल. नारळ मावला नाही हे गल्लीचं नशीब. चक्राने सुपारी फोडली, सुपारीने चक्र फोडलं, आणि तुकडे आत जाऊन कोपऱ्याच्या पट्ट्यांचा भुगा झाला.

आत भांडी ठेवल्याचा आवाज झाला. वहिनी बाहेर येत होत्या. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, तांदूळ मातीत झटकले, आणि ती सुपारी, ऑइलने माखलेली, तोंडात टाकली.

तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते, टाकळकर सरांनी जन्मात सुपारी खाल्ली नव्हती. सुपारी खाणाऱ्या मुलांना ते वर्गाबाहेर काढायचे.

वहिनी दारात थांबल्या. "तुमी सुपारी कधीपासनं खायलात?"

"आजपासून," सर म्हणाले. त्यांच्या ओठांच्या कडेला काळं तेल आलं होतं.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मांडीवरच्या टर्बोकडे पाहिलं. मग पदराने हात पुसले, बराच वेळ पुसले, आणि मला म्हणाल्या, "बाई, चहा टाकते." मला तेव्हा कळलं की त्यांना कळलं आहे. सरांना मात्र ते कळलं नव्हतं. ते चावण्यात गुंतले होते.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले आणि काय बिघडलं म्हणून विचारू लागले. सर उठून उभे राहिले. वर्गात उभे राहत तसे. म्हणाले, "माझं चुकलं. हवेच्या दाबाचं गणित माझं चुकलं."

सकाळच्या स्फोटाने गल्ली जेवढी हादरली नव्हती तेवढी या वाक्याने हादरली. एकाने खुर्ची पुढे केली. पाथ्रीकर काका उठून घरी गेले आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन आले. सरांनी मुकाट्याने हात पुढे केला. रक्तदाब ठीक होता, तो त्यांनी दुसऱ्या हातावरही घेऊन पाहिला. आणि आतल्या खोलीत वहिनी आपट्याची पानं एकेक करून डब्यात ठेवत होत्या, वर न बघता.

दिवाळीपर्यंत इंजिन जुळणं शक्य नव्हतं. सरांनी वालूरला फोन करून सांगितलं की शकुंतला एसटीने येईल. बापूराव म्हणाले, नको, मीच मुऱ्हाळी येतो. माहेरी न्यायला येणारा तो मुऱ्हाळी. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ते कापूस घालून रिकाम्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर घेऊन दारात आले. ट्रॉलीत गादी टाकली होती. लग्नातली बैलगाडी आठवून बहुधा मुद्दामच.

वहिनी पैठणी नेसून पिशवी घेऊन बाहेर आल्या. ट्रॉलीकडे गेल्या नाहीत. अंगणात उभ्या असलेल्या पिवळ्या गाडीचं दार त्यांना उघडेना. उघडायची सवयच नव्हती. मग खालून खाच सापडली. त्या वाकून, जवळजवळ बसकण मारून आत बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

"ताई, ती बंद हाय," बापूराव म्हणाले.

"मग ओढ."

बापूरावांना थट्टा सोडवेना. "दाजींनी हात लावलेली गाडी हाय ती. इसरलीस?"

"मी बी लावलाय," वहिनी म्हणाल्या.

सर किल्ल्या हातात घेऊन शेडच्या दारात उभे होते. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत होत्या. सरांचा हात खिशातल्या खडूकडे गेला आणि तसाच परत आला. सिद्ध करायला काही उरलं नव्हतं. ते गाडीला वळसा घालून आले आणि शेजारी बसले.

ट्रॉली आपल्या अंगणात सोडली. दोर बांधला. पाथ्रीकर काकांच्या गटाने दोर ताणला जाईपर्यंत मागून ढकललं, ते त्यांनी कुणाला विचारलं नाही.

नंतर सर-वहिनी मानवतला राहायला परतलेच नाहीत. वालूरला बापूरावांच्या धान्याच्या शेडला मोठं दार होतं, आणि टर्बोला मोठी जागा हवी होती. बापूराव फोनवर सांगायचे की दाजींनी आता ट्रॅक्टरही उघडलाय. मागच्या उन्हाळ्यात सर झोपेतच गेले. मला ते शेवटचे दिसले ते गाडी ओढून नेली त्या सकाळीच.

मी फाटकात उभी होते. पुढे ट्रॅक्टर धडधडत, मागे ती नाक कापलेली पिवळी गाडी, आवाज न करता. वहिनींनी काच खाली केली होती आणि पैठणीचा काठ दारात अडकून बाहेर फडफडत होता. सर दोन्ही हातांनी चाक धरून ताठ बसले होते. गल्लीचं तोंड आलं तसं मला दिसलं की ते गिअर बदलतायत, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, बंद इंजिनात. मग वालूरच्या रस्त्याला वळायचं होतं. ट्रॅक्टरला दिवे नव्हते. सरांनी वळायचा डावा दिवा लावला, आणि मागून येणाऱ्या सगळ्या गाड्या त्या दिव्याला मान देऊन थांबल्या.

तुमची,
आजी